तुमचा देव कोणता?

सन १६०० च्या आसपास, मरोळ ते वसई

पावसाळा नुकताच सरला आहे. तुम्ही मरोळच्या बांधावरून चालताय, दोन्हीकडे कापणीला आलेली भातं. समोरच्या वळणावर सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च दिसतं. १५७९ साली बांधलेलं, म्हणजे अजून नवंच. पुढे चारशे वर्षांनी याच्या भग्न भिंती अंधेरीच्या सीप्झच्या कुंपणाआड जातील आणि वर्षाकाठी एखाद्या दिवशीच भाविकांना आत सोडतील. आत्ता मात्र घंटा वाजते आहे आणि शेतातले काही लोक हातातलं काम थांबवून छातीवर क्रूसाची खूण करताहेत. तीस वर्षांपूर्वी त्यांच्याच आज्या याच बांधावर गावदेवीला नारळ वाढवत होत्या.

तुम्ही लेखणीचे माणूस आहात. मोडी वळणदार लिहिता. साष्टी बेटातल्या कुठल्या खाचरात किती मुडे भात पिकतं, कुठला बांध कुणाचा, कुठली खाजणाची जमीन यंदा खारी झाली, हे तुम्हाला वहीत न पाहता सांगता येतं. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिल्यापासून इथली गावं एकेका पोर्तुगीज सरदाराला नाहीतर मठाला लावून दिली आहेत आणि त्यांनी सरकारला फोरा भरायचा आहे. फोरा म्हणजे जमिनीचा सारा. हिशेब ठेवायला माणसं लागतात. वसईच्या महसूल कचेरीत कारकुनाची जागा आहे असं तुमच्या कानावर आलं आहे.

म्हणून तुम्ही उत्तरेची वाट धरता. बोरिवलीजवळ मंडपेश्वराची लेणी लागतात. हजार वर्षांपूर्वी खोदलेला तो शिवमंडप आता फ्रान्सिस्कन साधूंच्या ताब्यात आहे. फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी तिथे चर्च केलं आणि टेकडीवर मठ-विद्यालय उभारलं. तुम्ही थोडं आत डोकावता. दगडी खांब तेच आहेत, पूजा बदलली आहे. घोडबंदरला होडी मिळते. खाडीपलीकडे वसईचा कोट.

कचेरीत दुभाषा तुमच्याकडे पाहतो. तुमचं अक्षर तो पाहत नाही, हिशेबाचा एखादा नमुनाही मागत नाही. तो पहिलं विचारतो ते हे की तुमचा बाप्तिस्मा झाला आहे का.

हा त्या माणसाचा लहरीपणा नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्याहून हेच धोरण राबवलं जातं आहे: सरकारी पदं ख्रिस्ती माणसांना द्यावीत, हिंदूंना देऊ नयेत. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेनेही तेच लावून धरलं. असे हुकूम पुनःपुन्हा काढावे लागतात, आणि त्यातच त्यांची खरी स्थिती कळते. गावोगावचा वसूल करायला हिंदू मक्तेदार लागतातच, व्यापारी लागतात, दुभाषे लागतात. राज्याला तुमचं डोकं हवं असतं, म्हणून मागच्या दाराने तुम्हाला आत घेतलं जातं. पुढच्या दारावर मात्र अट तशीच टांगलेली राहते.

तुमच्यापुढे आता दोन वाटा आहेत. बाप्तिस्मा घ्यायचा आणि लेखणी हातात घ्यायची, किंवा घरी परतायचं आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर तेच काम करायचं. पहिली वाट धरलीत तर तुमच्या पोटी येणारी मुलं खरोखरच भाविक ख्रिस्ती होतील, आणि त्या भक्तीत खोट काढायचा अधिकार कुणाला नाही. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला श्रद्धेपायी क्रूसावर चढला. त्याला कुठली कारकुनी मिळवायची होती? पण राज्याने पदाला धर्माची अट लावली की मनापासून घेतलेला बाप्तिस्मा आणि पोटासाठी घेतलेला बाप्तिस्मा एकाच वहीत, एकाच शाईत लिहिले जातात. मग भाविकाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. अट घालणाऱ्यांना वाटतं की आपण धर्माची सेवा करतो आहोत. प्रत्यक्षात ते धर्माला पगाराच्या पंक्तीला बसवतात.

सन १७३९

मे महिना. वसईचा कोट पडला आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने दोन वर्षांपूर्वी ठाणे घेतलं तेव्हाच साष्टी हातची गेली होती. शरणागतीच्या कलमांत इथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपली उपासना करता येईल अशी हमी आहे, आणि कित्येक गावांतली चर्चं तशीच चालू राहतात.

तुम्ही ठाण्याच्या कचेरीत जाता. बाप्तिस्म्याबद्दल आता कुणी विचारत नाही. मराठ्यांच्या राज्यात परधर्मीयाला मोठं काम मिळू शकतं. वीस-बावीस वर्षांनी पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळेल आणि तिथेच प्राण देईल. पण कचेरीतल्या गाद्यांवर कोण बसलं आहे ते तुम्ही नीट पाहा. इथे लेखणी काही मोजक्या जातींच्या हातात आहे. तुम्ही जर महार असाल तर तुमची जागा गावाच्या वेशीबाहेर ठरलेली आहे, आणि ती ठरवायला कुठल्याही फर्मानाची गरज पडलेली नाही. ही अट कागदावर नाही, म्हणून कागद फाडून ती जाणारही नाही. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे कुर्ल्यात ती लागेल.

सन १८८९, अंधेरी स्टेशन

नाताळ काल झाला. आज २६ डिसेंबर. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची गाडी धूर सोडत फलाटाला लागते. १८६७ पासून विरारहून मुंबईला गाडी धावते आहे आणि अंधेरी, पहाडी, बोरिवलीची माणसं आता शहरातल्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसली आहेत. डब्यात तुमच्या शेजारी साष्टीतला एक ख्रिस्ती कारकून बसला आहे. घरी मराठीच बोलतो, आडनाव पोर्तुगीज. त्याच्या समाजाने दोनच वर्षांपूर्वी, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या साली, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, कंपनी सरकारची इथली जुनी प्रजा, हे नोकरी देणाऱ्या साहेबाला कळावं म्हणून. पिढ्या बदलल्या, राज्यं बदलली, तरी धर्माची आणि समाजाची नोंद अजून नोकरीच्या अर्जाला चिकटलेली आहे.

कायदा मात्र पुढे आला आहे. १८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमाने सांगितलं की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यावरून हिंदुस्थानातल्या कुणालाही कंपनीच्या नोकरीसाठी अपात्र ठरवता येणार नाही. हे लिहिणाऱ्या इंग्लंडची स्वतःची कहाणी मोठी आहे. तिथे १६७३ च्या कायद्याने सरकारी पद घेणाऱ्याला अँग्लिकन चर्चचा प्रसाद घ्यावा लागे. तो कायदा १८२८ मध्ये गेला, पुढच्या वर्षी कॅथलिकांना पार्लमेंट खुलं झालं, ज्यूंना १८५८ पर्यंत थांबावं लागलं. आणि देवच न मानणाऱ्याचं काय? त्याचं उत्तर आज तुम्हाला प्रत्यक्ष भेटणार आहे.

ग्रँट रोडला उतरून तुम्ही काँग्रेसच्या मंडपात शिरता. पाचवं अधिवेशन. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न, स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता. योगायोग असा की प्रतिनिधींची संख्याही १८८९ भरली आहे. तरुण टिळक आणि गोखले इथे आहेत, पंडिता रमाबाई आहेत. पण माणसं माना उंचावून ज्याला पाहताहेत तो एक धिप्पाड, आजारातून उठलेला इंग्रज आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ.

१८८० साली नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी ब्रॅडलॉ यांना पार्लमेंटवर निवडून दिलं. ते उघड नास्तिक होते. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या, एवढंच त्यांचं मागणं. सभागृहाने नकार दिला. मग ते म्हणाले, ठीक आहे, शपथ घेतो. त्यावर उत्तर आलं की तुमचा तिच्यावर विश्वास नाही, म्हणून तीही घेता येणार नाही. त्यांना एक रात्र पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. १८८१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना ओढत सभागृहाबाहेर काढलं. मतदार मात्र त्यांना पुनःपुन्हा निवडून देत राहिले. अखेर १८८६ मध्ये ते जागेवर बसले, आणि १८८८ मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन कायदा करवून घेतला: ज्याला शपथ नको त्याने प्रतिज्ञा करावी.

सहा वर्षं ज्याला स्वतःच्या जागेसाठी झगडावं लागलं, तो माणूस आता हिंदुस्थानच्या लोकांना कायदेमंडळात जागा मिळाव्यात म्हणून बोलायला आला आहे. मंडपातल्या टाळ्या थांबत नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्यांत कपाळावर गंध असलेले आहेत, डोक्यावर पारशी पगडी असलेले आहेत, मौलवी आहेत, पाद्री आहेत. यांतल्या बहुतेकांना त्यांचा नास्तिकपणा पटत नाही. तरी त्यांना ब्रॅडलॉ यांचं म्हणणं ऐकायचं आहे, कारण हा गृहस्थ त्यांच्या हक्काचं बोलतो आहे. पदावरच्या माणसाकडून लोकांना काय हवं असतं, ते या मंडपात पाहून घ्या. तेरा महिन्यांनी, ३० जानेवारी १८९१ ला, ब्रॅडलॉ वारतील. त्यांच्या अंत्ययात्रेला लंडनमधले हिंदी विद्यार्थी जातील आणि त्यांत मोहनदास गांधी नावाचा एक कायद्याचा विद्यार्थी असेल.

सन १९४९, दिल्ली

मधली वर्षं झपाट्याने जाऊ देत, पण एक खूण लक्षात ठेवा. १९०९ मध्ये मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेत मुसलमान, भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, युरोपियन अशा जागा वेगवेगळ्या झाल्या. तुम्ही कुठून उभे राहणार हे तुमच्या धर्मावरून ठरू लागलं. १९३६ च्या एका आदेशात आणखी एक ओळ आली: कोणीही भारतीय ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही.

आता १७ ऑक्टोबर १९४९. तुम्ही संविधान सभेच्या प्रेक्षक-सज्जात आहात. खाली राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर आपल्या बाकावर. हरी विष्णू कामथ उठतात आणि प्रास्ताविकेची सुरुवात परमेश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडतात. कामथ मनापासून बोलताहेत. पूर्णिमा बॅनर्जी कळवळून विनवतात की देवाला मतदानाला लावू नका. हृदयनाथ कुंझरू म्हणतात की हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात सामूहिक सक्ती नको. तरी मतदान होतं. बाजूने ४१, विरोधात ६८.

या सभागृहात नास्तिक बोटावर मोजण्याइतके असतील. विरोधात हात वर करणारे बहुतेक घरी देवपूजा करणारेच आहेत. आपल्या देवाचं नाव दुसऱ्याच्या तोंडी सक्तीने घालायचं नाही, एवढं त्यांना कळलं आहे, आणि ते कळणं ही या देशाची खरी कमाई आहे.

शपथेच्या मजकुरात त्यांनी दोन्ही वाटा ठेवल्या. राष्ट्रपतीपासून आमदारापर्यंत प्रत्येकाला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. दोन्हींचं वजन सारखं. शिवाय १६ व्या अनुच्छेदाने सरकारी पदांच्या बाबतीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी केली. सवलत ठेवली ती फक्त धार्मिक संस्थेच्या कारभाराशी जोडलेल्या पदांसाठी, आणि ती रास्तच आहे. देवळाचा विश्वस्त त्या देवाचा भक्त असावा, यात कुणाचं काही हिरावलं जात नाही. ३२५ व्या अनुच्छेदाने मतदारयादीही एकच केली. वसईच्या कचेरीत तुम्हाला विचारलेला प्रश्न या देशाच्या कायद्यातून पुसला गेला, असं वाटावं इतकी ही मोठी गोष्ट आहे.

सन १९५६ ते १९६५, घाटकोपर

७ डिसेंबर १९५६. तुम्ही घाटकोपरच्या एका झोपडवस्तीतून निघून दादर चौपाटीला पोचलाय. बाबासाहेबांची चिता पेटायची आहे. समुद्राच्या कडेने नजर पोचेल तिथवर माणसं. भदंत आनंद कौसल्यायन दीक्षा देतात आणि लाखाहून अधिक लोक तिथेच बौद्ध धम्म स्वीकारतात. तुम्हीही त्यांत आहात. घरी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव तुम्ही स्वतःच्या हाताने काढता. म्हातारी आई आधी घाबरते, मग तुमच्या हाताला हात लावते.

काही दिवसांनी वस्तीतला एक जाणता कार्यकर्ता येतो. ‘जयभीम दादा’ म्हणून बसतो, चहा घेतो, आणि सांगतो की आता राखीव जागेवरून आपल्यातलं कुणी उभं राहू शकणार नाही.

कारण १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद. हिंदू धर्मापेक्षा वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. शिखांची त्यात १९५६ पासून सोय आहे, बौद्धांची नाही. ज्या अपमानापायी तुम्ही धर्म सोडला तो अपमान गावात तसाच आहे. विहिरीवर तुमची जात अजून तीच आहे. फक्त निवडणुकीच्या कागदावर ती नाहीशी झाली आहे.

हे किती खरं आहे ते नागपूरच्या खटल्यात दिसतं. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून निवडून आले. पंजाबराव नावाच्या अर्जदाराने आव्हान दिलं की ते बौद्ध झाले आहेत, म्हणून त्यांना ही जागा लढवताच येत नव्हती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे जनतेने यांना का निवडलं, त्यांनी काय काम केलं, हे प्रश्न आलेच नाहीत. १९५७ च्या नागपुरातल्या सभेत त्यांनी धम्म स्वीकारल्याचं जाहीर केलं होतं का, वस्तीतल्या शिवमंदिराचं बुद्धमंदिर करण्यात त्यांचा हात होता का, याची साक्ष तपासली गेली. एखादा धर्म मानणं म्हणजे तो उघडपणे जाहीर करणं, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि निवडणूक रद्द ठरवली. न्यायाधीशांपुढे आदेशाचे शब्द होते, त्यांनी ते लावले. दोष त्या शब्दांचा होता. १९६५ च्या निकालपत्रांच्या खंडात हा निकाल छापलेला आहे. स्वतंत्र भारतात, महाराष्ट्रात, निवडून आलेल्या माणसाची श्रद्धा तपासून त्याची जागा काढून घेतली गेल्याची ती नोंद आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. राखीव आमदारकी-खासदारकीचं दार मात्र १९९० पर्यंत बंद राहिलं. त्या वर्षी व्ही. पी. सिंग यांच्या काळात कायदा झाला आणि आदेशात बौद्धांचं नाव आलं. तुम्ही १९५६ साली पंचविशीत असाल, तर ते दार उघडलं तेव्हा साठीला टेकला होता.

आज, कुर्ला

मुंबई उपनगर जिल्ह्यात विधानसभेच्या २६ जागा आहेत. त्यांतली एकच अनुसूचित जातीसाठी राखीव आहे: कुर्ला, मतदारसंघ क्रमांक १७४. तुम्ही उमेदवारी अर्ज भरायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे बसला आहात. टेबलावर शपथेचा कागद येतो. ‘ईश्वरसाक्ष’ आणि ‘गांभीर्यपूर्वक’ यांच्यामध्ये एक तिरकी रेघ आहे. नको तो पर्याय तुम्ही पेनाने खोडता. अधिकारी वर पाहतसुद्धा नाही. ब्रॅडलॉ यांना त्यासाठी आठ वर्षं लागली होती.

मग दुसरा कागद, जातीचा दाखला. तुमची आजी नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ख्रिस्ती झाली असेल, तुम्ही स्वतः रविवारी चर्चला जात असाल, तर हा कागद तुमच्याकडे नाही. तुम्ही बाकीच्या २५ जागांपैकी कुठूनही उभे राहू शकता, हे खरं आहे. पण राखीव जागा ज्या इतिहासाची भरपाई म्हणून निर्माण झाली, तो इतिहास तुमच्या आजीचाही आहे. ती ज्या वेशीबाहेर जन्मली ती वेस बाप्तिस्म्याने हलली नाही. खेड्यापाड्यांत कित्येक ठिकाणी ख्रिस्ती दलितांची दफनभूमीसुद्धा वेगळी असते.

विरोधी बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मांत तत्त्वतः जात नाही, मग जातीचा लाभ कसा, असं विचारलं जातं. बौद्ध धम्मातही तत्त्वतः जात नाही, तरी १९९० मध्ये संसदेने मान्य केलं की जाच तत्त्वावर चालत नाही, व्यवहारावर चालतो. दुसरी भीती अधिक खरी आहे: आधीच थोड्या असलेल्या जागांत वाटेकरी वाढतील. ती भीती बाळगणारे माझ्याच शेजारपाजारचे लोक आहेत. तिचं उत्तर जागांचा वाटा वाढवण्यात आहे. कुणाची प्रार्थना पाहून त्याला रांगेतून काढणं हे तिचं उत्तर होऊ शकत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला.

साष्टीच्या या जमिनीवर तुम्ही चारशे वर्षं चालून आलात. दर राज्याने पदाची किंमत वेगळी ठरवली, आणि दर वेळी श्रद्धेची अट घालणाऱ्यांना ती न्याय्यच वाटली. तिने कुठलाच धर्म अधिक शुद्ध झाला नाही आणि कुठलाही कारभार अधिक चोख झाला नाही. भावनेवर पहारा बसवणारा परिच्छेद १९५० च्या आदेशातून काढला पाहिजे, आणि राखीव जागेचा निकष एकच राहिला पाहिजे: या माणसाच्या घराण्याने अस्पृश्यतेचा मार खाल्ला आहे का. याचं उत्तर गावच्या दप्तरात सापडतं, वस्तीच्या इतिहासात सापडतं. ते शोधण्यासाठी कुणालाही देव्हाऱ्यात डोकवायची गरज नाही.